दिवाळखोरीत संपलेले कर्ज पुन्हा मागणाऱ्या धनकोकडून भरपाई कशी मिळवावी

अमेरिकेत दिवाळखोरीचे प्रकरण पूर्ण होऊन डिस्चार्जचा आदेश निघाला, की त्या आदेशात येणाऱ्या कर्जांची कर्जदारावरची वैयक्तिक जबाबदारी संपते. तरीही काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीसुद्धा, त्याच कर्जाची मागणी करणारे पत्र दारात पडते किंवा फोन वाजतो. बऱ्याचदा मागणी करणारी मूळ बँक नसते. बँकेने ते खाते बुडीत म्हणून एका खरेदीदाराला विकलेले असते, त्याने ते पुढे दुसऱ्याला विकलेले असते, आणि या हस्तांतरात खात्याचा क्रमांक व थकबाकीचा आकडा पुढे जातो, पण डिस्चार्जची नोंद मागेच राहते. अशी मागणी करणे बेकायदेशीर आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याबद्दल धनकोला नेमके काय भोगावे लागते आणि ते भोगायला लावण्यासाठी कर्जदाराने काय करायचे असते, याविषयी बराच गैरसमज आहे.

दंड येतो कुठून

दिवाळखोरी संहितेच्या कलम ५२४(ए) मध्ये डिस्चार्जचे परिणाम सांगितले आहेत. डिस्चार्ज झालेल्या कर्जाबाबत कर्जदाराची वैयक्तिक जबाबदारी ठरवणारा कोणताही निवाडा, मग तो आधीचा असो वा नंतरचा, तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. शिवाय ते कर्ज कर्जदाराकडून वसूल करण्यासाठी दावा लावणे, चालू दावा पुढे रेटणे किंवा इतर कोणतीही कृती करणे यांवर मनाई हुकूम लागू होतो. हा हुकूम आपोआप लागू होतो. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.

गंमत अशी, की हा हुकूम मोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल हे कलम ५२४ मध्ये कुठेही लिहिलेले नाही. प्रकरण चालू असताना, म्हणजे डिस्चार्जच्या आधी, वसुली करणाऱ्यासाठी कलम ३६२(के) मध्ये प्रत्यक्ष नुकसान, वकिलाची फी आणि योग्य प्रकरणी दंडात्मक भरपाई अशी स्पष्ट तरतूद आहे. डिस्चार्जनंतर तसे काही नाही. तेथे शिक्षा येते ती न्यायालयाच्या अवमानातून: कलम ५२४ चा हुकूम मोडला, आणि कलम १०५ खाली आपल्या हुकुमांची अंमलबजावणी करण्याचा अधिकार दिवाळखोरी न्यायालयाला आहे, म्हणून न्यायालय अवमान करणाऱ्याला भरपाई द्यायला लावते.

हा फरक कागदावर बारीक दिसतो, पण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. अवमान सिद्ध करायचा तर हुकूम मोडला एवढे दाखवून भागत नाही. हुकूम धनकोला माहीत होता, आणि आपली कृती त्यात बसते याबद्दल त्याला रास्त शंका घ्यायला जागा नव्हती, हेही दाखवावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०१९ रोजी टॅगार्ट विरुद्ध लॉरेंझन या प्रकरणात एकमताने हीच कसोटी घालून दिली. धनकोची कृती कायदेशीर असू शकते असे मानायला वस्तुनिष्ठ आधार नसेल, तर त्याला अवमानाखाली जबाबदार धरता येते. ‘आम्हाला मनापासून वाटले की कर्ज डिस्चार्ज झालेले नाही’ एवढा बचाव पुरत नाही. पण दुसऱ्या बाजूने, हुकूम मोडला म्हणजे शिक्षा झालीच पाहिजे असेही न्यायालयाने म्हटले नाही. धनकोचा हेतू अगदीच निरर्थकही नाही, कारण वाईट हेतू दिसला तर जबाबदारी ठरवताना आणि चांगला हेतू दिसला तर शिक्षेचे प्रमाण ठरवताना तो विचारात घेतला जातो.

त्यामुळे माझ्या मते या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत मोलाचा कागद न्यायालयातला अर्ज नसून, त्याच्या कितीतरी आधी धनकोला पाठवलेले साधे पत्र असते. त्या पत्रानंतर शंकेला जागा उरत नाही.

पायरी १: ते कर्ज खरोखर डिस्चार्ज झाले आहे का, हे तपासा

डिस्चार्जच्या आदेशात कर्जांची यादी नसते. चॅप्टर ७ चा, म्हणजे कर्जदाराची मालमत्ता विकून धनकोंना वाटण्याच्या दिवाळखोरीचा, आदेश फॉर्म ३१८ वर निघतो आणि त्यावर फक्त कर्जदाराला डिस्चार्ज मंजूर झाल्याचे लिहिलेले असते; सोबतच्या मजकुरात कोणती कर्जे साधारणपणे सुटतात आणि कोणती सुटत नाहीत याचे स्पष्टीकरण असते. म्हणून जुळवणी तुम्हालाच करावी लागते. तीन कागद समोर ठेवा: डिस्चार्जचा आदेश, प्रकरणात दाखल केलेली धनकोंची यादी, आणि आता आलेली मागणी. हे कागद हरवले असतील तर फेडरल न्यायालयांच्या पेसर या संगणकीय व्यवस्थेतून मिळतात. तेथे पानामागे १० सेंट पडतात, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत एकूण आकार ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाला तर तो माफ होतो. तेथूनच नोटीस पाठवल्याचे प्रमाणपत्रही उतरवून घ्या. न्यायालयाने डिस्चार्जची नोटीस कोणत्या दिवशी, कोणाला, कोणत्या पत्त्यावर पाठवली हे त्यात असते, आणि धनकोला हुकूम माहीत होता हे दाखवणारा तो पहिला पुरावा होय.

मागणी ज्या कर्जाची आहे ते दिवाळखोरीचा अर्ज दाखल होण्याआधीचे असले पाहिजे. चॅप्टर ७ मध्ये अर्जानंतर घेतलेले कर्ज सुटत नाही. कलम ५२३ मधली काही कर्जे मुळातच सुटत नाहीत: पोटगी व मुलांच्या संगोपनाचा खर्च, बहुतेक अलीकडचे कर, फौजदारी दंड, दारू पिऊन वाहन चालवताना केलेल्या इजेची भरपाई, आणि फार मोठा त्रास सिद्ध केल्याखेरीज बहुतेक शैक्षणिक कर्जे. फसवणुकीच्या आरोपाची गोष्ट वेगळी आहे. त्या कारणाने कर्ज वाचवायचे असेल तर धनकोला धनकोंच्या बैठकीच्या पहिल्या ठरलेल्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत दिवाळखोरी न्यायालयात जावे लागते. मुदत उलटून गेल्यावर यादीतला धनको फोनवर ‘तुम्ही फसवले होते, म्हणून कर्ज कायम आहे’ असे सांगत असेल, तर ती निव्वळ धमकी आहे.

खासगी शैक्षणिक कर्जांबाबत थोडे थांबून पाहायला हवे, कारण येथे पुष्कळ लोक स्वतःहूनच हार मानतात. ‘स्टुडंट लोन’ असे नाव दिलेले प्रत्येक कर्ज कलम ५२३ खाली संरक्षित नसते. मान्यताप्राप्त नसलेल्या संस्थेसाठी किंवा शिक्षणाच्या ठरावीक खर्चापेक्षा जास्त दिलेली कर्जे, वकिलीच्या परीक्षेच्या तयारीसाठी दिलेले कर्ज, अशी काही कर्जे साध्या कर्जांप्रमाणे डिस्चार्ज होऊ शकतात, असे पाचव्या सर्किटने (सर्किट म्हणजे ठरावीक राज्यांसाठीचे फेडरल अपील न्यायालय) २०१९ मध्ये, दहाव्याने २०२० मध्ये आणि दुसऱ्याने २०२१ मध्ये ठरवले. असे कर्ज असेल तर वकिलाला मूळ करारपत्र दाखवा.

यादीत नाव द्यायचे राहून गेले असेल तरीही सगळे संपत नाही. ज्या चॅप्टर ७ प्रकरणात वाटून द्यायला मालमत्ताच नव्हती आणि धनकोंना दावा दाखल करण्याची अंतिम तारीख दिली गेली नव्हती, त्यात नाव राहून गेलेले साधे कर्जही सुटते, असे सहाव्या व नवव्या सर्किटचे मत आहे. पहिल्या सर्किटचे तसे नाही.

पायरी २: झालेली कृती मनाईत बसते का

हा हुकूम वैयक्तिक जबाबदारीपुरता आहे. घरावर किंवा गाडीवर तारण असेल आणि दिवाळखोरीत ते काढून टाकलेले नसेल, तर तारण कायम राहते. हप्ते थांबले तर धनको गाडी ओढून नेऊ शकतो किंवा घरावर जप्ती आणू शकतो. गाडी विकून उरलेली तूट तुमच्याकडून मागणे मात्र मनाईत येते. राहत्या घराच्या गृहकर्जाबाबत कलम ५२४(जे) धनकोला आणखी सवलत देते: जप्तीऐवजी नेहमीच्या कामकाजाचा भाग म्हणून नियमित हप्ते मागणारी पत्रे तो पाठवू शकतो. त्यामुळे घर तुमच्याकडेच असेल आणि मासिक विवरणपत्र येत असेल, तर तेवढ्यावरून अवमान सिद्ध होणार नाही. पण तुम्ही घर सोडून दिले आहे, आणि तरीही थकबाकी भरा म्हणून फोन येत आहेत, तर चित्र पालटते.

सहकर्जदाराला डिस्चार्जचा फायदा मिळत नाही. चॅप्टर ७ मध्ये तुमच्या भावाने जामीन म्हणून सही केलेली असेल तर धनको त्याच्या मागे जाऊ शकतो, आणि त्यात कोणताही हुकूम मोडत नाही. तुम्ही डिस्चार्जपूर्वी न्यायालयात पुनर्मान्यता करार, म्हणजे हे कर्ज आपण पुढेही फेडू असा करार, दाखल केला असेल आणि ठरलेल्या मुदतीत तो मागे घेतला नसेल, तर तेही कर्ज जिवंत आहे. ही मुदत डिस्चार्जच्या दिवसापर्यंत किंवा करार दाखल झाल्यापासून ६० दिवसांपर्यंत, यांपैकी जी नंतरची असेल ती. आणि तुम्ही स्वतःहून पैसे दिले तर कायदा त्याला आडकाठी करत नाही. म्हणूनच काही वसुली कंपन्या ‘सदिच्छा म्हणून थोडेसे भरा’ अशी मऊ भाषा वापरतात. एकदा पैसे दिल्याने कर्ज पुन्हा जिवंत होत नाही, पण ते पैसे तुमच्या इच्छेने दिले की दबावाखाली, हा वाद उगाच उभा राहतो. तेव्हा काही देऊ नका.

या अपवादांपलीकडचे बहुतेक सगळे मनाईत बसते: मागणीची पत्रे, फोन, कामाच्या ठिकाणी निरोप, दावा, पगारातून कपात, बँकखात्यावर टाच. जुने कर्ज भरल्याशिवाय नवीन व्यवहार करणार नाही अशी अडवणूकही अनेकदा त्यात धरली जाते. क्रेडिट अहवालात कर्ज ‘थकीत’ दाखवत राहणे हे स्वतःच वसुलीचे साधन ठरू शकते, विशेषतः धनकोने ती नोंद पैसे मिळेपर्यंत तशीच ठेवायची असे ठरवले असेल तर; पण नुसत्या चुकीच्या नोंदीवर न्यायालये एकमताने अवमान मानत नाहीत, म्हणून त्यासाठी पुढे सांगितलेला वेगळा कायदा जास्त उपयोगी पडतो.

पायरी ३: नोंद त्याच दिवशी करा

फोन ठेवल्याबरोबर एका वहीत पाच गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, आलेला क्रमांक, बोलणाऱ्याने सांगितलेले नाव व कंपनी, कोणत्या खात्याबद्दल बोलला, आणि डिस्चार्जची गोष्ट सांगितल्यावर त्याने काय उत्तर दिले. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘आमच्या सिस्टीममध्ये तसे काही दिसत नाही’ हे उत्तर आणि ‘दिवाळखोरी झाली असली तरी हे खाते वेगळे आहे’ हे उत्तर यांत न्यायाधीशाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. दुसऱ्यात धनकोला दिवाळखोरी माहीत होती हे त्याच्याच तोंडून आले आहे. फोन ध्वनिमुद्रित करण्याआधी राज्याचा कायदा पाहा. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन अशा राज्यांत संभाषणातल्या सर्वांची संमती लागते, आणि पुरावा गोळा करताना स्वतःच गुन्ह्यात सापडायला नको.

पत्राचे पाकीटही ठेवा, कारण टपालाची तारीख पाकिटावर असते. व्हॉइसमेल पुसू नका. कामावरून सुट्टी घ्यावी लागली असेल तर त्या दिवसाची पगारचिठ्ठी, टाच आल्यामुळे बँकेने आकारलेले शुल्क, नाकारलेल्या कर्जाचे पत्र, त्रासामुळे डॉक्टरकडे गेला असाल तर ती नोंद, हे सगळे एकाच जागी जमवा. भरपाई मागताना ‘मला खूप त्रास झाला’ या वाक्याला अशा कागदांशिवाय वजन नसते.

पायरी ४: धनकोला पत्र लिहा

पत्र छोटे आणि कोरडे असावे. त्यात तुमचे नाव, त्यांचा खाते क्रमांक, दिवाळखोरी न्यायालयाचे नाव व जिल्हा, प्रकरण क्रमांक, चॅप्टर, अर्जाची व डिस्चार्जची तारीख द्या. पुढच्या परिच्छेदात लिहा, की हे कर्ज अर्जापूर्वीचे आहे, कलम ५२४ खाली त्याची वसुली मना आहे, तुमच्या अमुक तारखेच्या पत्राने किंवा फोनने त्या हुकुमाचा भंग झाला आहे, आणि सर्व वसुली ताबडतोब थांबवून क्रेडिट संस्थांकडची नोंद दुरुस्त करावी. शेवटी असे लिहा, की कर्ज डिस्चार्ज झालेले नाही असे तुमचे म्हणणे असेल तर त्याचा कायदेशीर आधार १४ दिवसांत लेखी कळवा. ही शेवटची ओळ मी आवर्जून घालायला सांगेन. धनकोने आधार कळवला तर तुमच्या वकिलाला आधीच कळते की वाद कुठे आहे. कळवला नाही आणि वसुली चालूच ठेवली, तर रास्त शंकेचा बचाव त्याला नंतर उभा करणे अवघड जाते.

सोबत आदेशाची प्रत जोडा. यादीतले सगळे धनको दिसणारे पान जोडण्याची गरज नाही. त्या एका धनकोचे नाव असलेली ओळ पुरते, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक कुठेही दिसू देऊ नका. पत्र सर्टिफाइड मेलने, पोच मागवून पाठवा आणि पोचपावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. वसुली कंपनी आणि मूळ धनको वेगळे असतील तर दोघांनाही पाठवा. फोनवर सांगणे हे पत्राला पर्याय नाही.

बहुसंख्य प्रकरणे येथेच मिटतात, आणि मिटू द्यावीत. एकच पत्र आले, तुम्ही कळवले, त्यांनी थांबवले, अशा प्रकरणात अर्ज केला तर न्यायाधीश भरपाई नाकारण्याची किंवा नाममात्र देण्याची शक्यता मोठी असते. दंड मिळवण्यासाठी मुद्दाम वाढवलेली प्रकरणे न्यायालयांना चांगली ओळखू येतात.

दावाच लागला असेल तर

राज्य न्यायालयातला समन्स आला, तर ‘कर्ज तर संपले आहे’ असे म्हणून तो बाजूला टाकू नका. डिस्चार्ज झालेल्या कर्जावरचा निवाडा कायद्याने रद्दबातल असतो हे खरे, पण तो रद्द असल्याचे पटवून देईपर्यंत तुमच्या पगारातून पैसे कापले जाऊ शकतात. मुदतीत लेखी उत्तर दाखल करा, त्यात डिस्चार्जचा बचाव घ्या, आदेशाची प्रत जोडा, आणि विरुद्ध बाजूच्या वकिलालाही तीच प्रत पाठवा. बरेच वकील ती पाहताच दावा मागे घेतात, कारण पुढे गेल्यास अवमानाचा अर्ज त्यांच्यावरही होऊ शकतो.

पायरी ५: दिवाळखोरी न्यायालयात अर्ज

पत्रानंतरही वसुली थांबली नाही तर ज्या न्यायालयाने डिस्चार्ज दिला त्याच न्यायालयात जायचे. तुम्ही न्यू जर्सीत दिवाळखोरी घेतली आणि आता टेक्ससला राहत असाल, तरी अर्ज न्यू जर्सीच्या न्यायालयातच करावा; दुसऱ्या न्यायालयाचा हुकूम आपण राबवू शकत नाही, असे पाचव्या सर्किटने २०१९ मध्ये म्हटले आहे. करारात लवादाचे कलम आहे म्हणून धनको प्रकरण लवादाकडे ओढायचा प्रयत्न करतो, पण डिस्चार्जच्या हुकुमाबाबतचा वाद लवादाकडे पाठवणे भाग नाही, असे दुसऱ्या सर्किटने २०१८ मध्ये व पाचव्याने २०१९ मध्ये ठरवले.

तोपर्यंत तुमचे प्रकरण बंद झालेले असते, म्हणून प्रथम ते कलम ३५०(बी) खाली पुन्हा उघडण्याचा अर्ज द्यावा लागतो. प्रकरण उघडण्याची एरवी फी असते, पण डिस्चार्जच्या भंगाच्या आरोपावरून उघडायचे असेल तर ती आकारली जात नाही, असे न्यायालयांच्या अधिकृत शुल्कपत्रकातच लिहिलेले आहे. खिडकीवरच्या कारकुनाच्या हे नेहमी लक्षात असतेच असे नाही. अर्जाच्या शीर्षकातच ‘कलम ५२४ च्या भंगाबाबत’ असे लिहिले की वाद टळतो.

त्यानंतर अवमानाचा अर्ज. दिवाळखोरी प्रक्रियेच्या नियम ९०२० प्रमाणे तो नियम ९०१४ खालच्या वादग्रस्त अर्जासारखा चालतो. त्यासाठी स्वतंत्र दावा लावावा लागत नाही. अर्जाची बजावणी नियम ७००४ प्रमाणे झाली पाहिजे, आणि येथे पुष्कळ अर्ज अडखळतात. कंपनीला बजावणी करताना पाकिटावर अधिकारी, व्यवस्थापकीय किंवा सर्वसाधारण प्रतिनिधी यांच्या नावाने असा उल्लेख हवा. नुसत्या टपालपेटीच्या क्रमांकावर टाकलेले पाकीट चालत नाही. ठेवविमा असलेल्या बँकेला तर अधिकाऱ्याच्या नावे सर्टिफाइड मेलनेच पाठवावे लागते. त्यासोबत तुमचे शपथपत्र, वहीतल्या नोंदी, पत्र व पोचपावती, नोटीस पाठवल्याचे प्रमाणपत्र, आणि नुकसानाचे कागद जोडायचे. सिद्धतेचा भार तुमच्यावर असतो आणि न्यायालये साधारणपणे स्पष्ट व खात्रीलायक पुरावा मागतात, जो नेहमीच्या दिवाणी दाव्यातल्या पुराव्यापेक्षा जड असतो.

हा टप्पा वकिलाशिवाय करू नये असे मला वाटते. वकिलाची फी भरपाईचा भाग म्हणून धनकोकडून मिळू शकते, म्हणून ग्राहक कायद्याचे अनेक वकील अशी प्रकरणे कर्जदाराकडून आगाऊ पैसे न घेता स्वीकारतात. तुमची दिवाळखोरी ज्या वकिलाने केली त्याला आधी विचारा, पण असे अर्ज त्याने पूर्वी चालवले आहेत का हेही विचारा.

किती मिळू शकते

न्यायालय घेतलेले पैसे परत करायला लावू शकते, प्रत्यक्ष नुकसान आणि वकिलाची फी देऊ शकते, आणि भंग चालूच असेल तर तो थांबेपर्यंत दररोज ठरावीक रक्कम लावू शकते. मानसिक त्रासाची भरपाई बऱ्याच न्यायालयांत मिळते, पण त्रास ठळक आणि पुराव्याने आधारलेला असेल तरच. दंडात्मक भरपाईबाबत मतभेद आहेत: काही न्यायालये निर्ढावलेल्या धनकोला ती लावतात, तर नवव्या सर्किटमध्ये दिवाळखोरी न्यायालयाला नागरी अवमानात मोठा दंड करण्याचा अधिकार नाही असे मानले जाते.

टॅगार्ट प्रकरणातलेच आकडे पाहा. ओरेगॉनच्या दिवाळखोरी न्यायालयाने सुमारे १,०५,००० डॉलर वकिलाची फी व खर्च, मानसिक त्रासाबद्दल ५,००० डॉलर आणि दंड म्हणून २,००० डॉलर दिले होते. म्हणजे धनकोला बसणारा खरा चटका दंडाचा नसून फीचा असतो, आणि म्हणूनच फी वाढायच्या आत तो तडजोडीला येतो. पण याच प्रकरणाचा शेवटही लक्षात घ्या. आदेश वरच्या न्यायालयांत टिकला नाही, सर्वोच्च न्यायालयाने नवी कसोटी देऊन प्रकरण परत पाठवले, आणि २०२० मध्ये नवव्या सर्किटने ठरवले की धनकोंना शंका घ्यायला रास्त जागा होती, कारण राज्याच्या न्यायालयाने आधी त्यांच्याच बाजूने निकाल दिला होता. हाती काहीच आले नाही. कायद्याचा मुद्दा खरोखर वादाचा असेल तर अवमानाच्या मागे लागण्याऐवजी नियम ४००७(बी) खाली कर्ज डिस्चार्ज झाले आहे की नाही हे आधी ठरवून घेणे शहाणपणाचे. तो निर्णय हाती असला की पुढच्या भंगाला सबब उरत नाही.

इतर दोन कायदे

मागणी करणारी तिऱ्हाईत वसुली कंपनी किंवा कर्ज बुडाल्यावर आलेली वसुली संस्था असेल, तर फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्टही लागू होऊ शकतो. देणे नसलेले कर्ज देणे आहे असे सांगणे म्हणजे कर्जाच्या कायदेशीर स्थितीबद्दल खोटे सांगणे. या कायद्यात प्रत्यक्ष नुकसानाखेरीज १,००० डॉलरपर्यंत रक्कम आणि वकिलाची फी मिळते. मुदत फक्त एक वर्षाची आहे, आणि २०१९ च्या रॉटकिस्के विरुद्ध क्लेम निकालाप्रमाणे ती साधारणपणे भंगाच्या दिवसापासून मोजतात, तुम्हाला तो कळला त्या दिवसापासून नव्हे. राहता कुठे यावरही बरेच अवलंबून आहे: नवव्या सर्किटने २००२ मध्ये ठरवले की डिस्चार्जच्या भंगावर आधारलेला असा दावा चालणार नाही, दिवाळखोरी न्यायालयातच जा; सातव्या सर्किटने २००४ मध्ये दिवाळखोरी कायद्यामुळे वसुली कायदा बाजूला पडत नाही, असे उलट मत दिले. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याचा आणि इलिनॉयमध्ये राहणाऱ्याचा मार्ग यामुळे वेगळा होतो.

क्रेडिट अहवालात डिस्चार्ज झालेल्या खात्यावर बाकी शून्य दिसली पाहिजे आणि ते दिवाळखोरीत डिस्चार्ज झाल्याची नोंद हवी. तशी नसेल तर क्रेडिट संस्थेकडे लेखी तक्रार करा, आदेशाची प्रत जोडा. त्यांना सहसा ३० दिवसांत चौकशी करावी लागते. ही तक्रार वगळून थेट धनकोवर दावा करता येत नाही, कारण माहिती देणाऱ्या धनकोविरुद्ध तुमचा हक्क फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टमध्ये संस्थेने तक्रार पुढे कळवल्यानंतरच सुरू होतो. जाणूनबुजून केलेल्या भंगात १०० ते १,००० डॉलर किंवा प्रत्यक्ष नुकसान, शिवाय दंडात्मक भरपाई व फी मिळू शकते. दिवाळखोरीची नोंद स्वतः १० वर्षांपर्यंत अहवालात राहू शकते. ती चूक नव्हे.

धनको सरकारी असेल तर

आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याने, डिस्चार्ज झालेला कर जाणूनबुजून वसूल केला, तर महसूल संहितेच्या कलम ७४३३(ई) खाली दिवाळखोरी न्यायालयात प्रत्यक्ष आर्थिक नुकसान मागता येते, कमाल मर्यादा १० लाख डॉलर. मात्र आधी आयआरएसकडे प्रशासकीय दावा करून तो मार्ग संपवावा लागतो. सरकारकडून दंडात्मक भरपाई मिळत नाही.

याच ओघात एक: एखादा धनको कर्ज माफ केल्याचा १०९९-सी फॉर्म पाठवतो आणि माणूस घाबरतो. दिवाळखोरीत सुटलेली रक्कम करपात्र उत्पन्न नसते. विवरणपत्रासोबत फॉर्म ९८२ जोडला की झाले.

तडजोड करताना

धनकोचा वकील बहुधा एक ठोक रक्कम आणि गुप्ततेची अट घेऊन येतो. रकमेइतक्याच काळजीने पुढच्या अटी लिहून घ्या: खाते शून्य बाकीने बंद करणे, तिन्ही क्रेडिट संस्थांना ठरावीक दिवसांत दुरुस्ती कळवणे, राज्य न्यायालयातला निवाडा किंवा त्यावरून आलेला बोजा स्वखर्चाने काढणे, आणि ते खाते पुन्हा कोणालाही न विकणे. ते आधीच विकले असेल तर परत घेऊन खरेदीदाराला लेखी कळवणे, आणि त्या पत्राची प्रत तुम्हाला देणे, हेही करारात हवे. गुप्ततेची अट मान्य करायची असेल तर तीत दोन अपवाद लिहून घ्या: हाच करार पुढच्या कोणत्याही वसुली कंपनीला आणि कोणत्याही न्यायालयाला दाखवता येईल.